वाय-फाय दोषनिवारण (घरगुती लॅपटॉप)

घरातला लॅपटॉप बिनतारी इंटरनेटला जोडला जात नसेल किंवा जोडणी सारखी तुटत असेल, तर दोष शोधून दूर करण्याची पद्धत. मराठवाड्यात ‘नेट गेलं’, ‘वायफाय लागंना’ आणि ‘रेंज येईना’ या तिन्ही तक्रारी एकाच अर्थाने केल्या जातात. तपासणाऱ्याच्या लेखी मात्र हे तीन निरनिराळे बिघाड आहेत. पहिला बहुधा राउटरच्या पलीकडचा, दुसरा लॅपटॉप आणि राउटर यांच्या आपसातल्या ओळखीचा, तिसरा भिंतींचा आणि अंतराचा.

‘वाय-फाय’ हे ‘वायरलेस फिडेलिटी’चे लघुरूप, अशी समजूत शालेय पुस्तकांतूनही रूढ आहे, ती बहुधा बरोबर नाही. बिनतारी उपकरणे बनवणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेने १९९९ मध्ये इंटरब्रँड या नामकरण करणाऱ्या संस्थेकडून ‘हाय-फाय’शी यमक जुळणारे हे नाव घेतले. फिडेलिटीचा उल्लेख असलेले घोषवाक्य त्याला नंतर काही काळ जोडले गेले आणि त्यावरून पूर्णरूपाचा समज पसरला. संघटनेच्या संस्थापकांपैकी फिल बेलँजर यांनी या नावाला पूर्णरूप नसल्याचे सांगितले आहे, ते ग्राह्य धरावे.

शोधाचे श्रेय कोणाचे, हा वाद याहून गुंतागुंतीचा आहे. अभिनेत्री हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांच्या १९४२ च्या ‘वारंवारता-उडी’ (संदेश एका वारंवारतेवरून दुसरीवर उड्या घेत पाठवण्याच्या) पेटंटला वाय-फायचे मूळ म्हणण्याची प्रथा आहे. १९९७ च्या पहिल्या ८०२.११ या वाय-फायच्या तांत्रिक मानकात सेकंदाला जास्तीत जास्त २ मेगाबिट वेग होता आणि उडीची पद्धत त्यात एक पर्याय म्हणून होतीही. परंतु १९९९ चे ११ मेगाबिटचे ‘बी’ मानक, ज्यामुळे वाय-फाय घरोघरी गेले, ते वेगळ्या पद्धतीवर उभे होते. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेतील जॉन ओ’सलिव्हन आणि सहकाऱ्यांचे पेटंट भिंतींवरून परतणाऱ्या लहरींचा गोंधळ निस्तरण्याविषयी आहे. त्याचा संबंध ‘ए’ आणि ‘जी’ मानकांशी अधिक थेट लागतो. हवाई बेटांवरील १९७१ चे अलोहानेट हे बिनतारी संगणक-जाळे आणि ८०२.११ समितीचे दीर्घकाळ अध्यक्ष राहिलेले व्हिक हेज यांची नावेही घेतली जातात. एकच जनक ठरवण्याचा आग्रह न धरणे बरे.

भारतात वाय-फाय लहरींचा २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला. ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा २०१८ मध्ये बराच मोकळा करण्यात आला. पहिल्या पट्ट्यात १३ वाहिन्या (चॅनेल) आहेत. त्या ५ मेगाहर्ट्‌झच्या अंतराने मांडलेल्या असल्या तरी प्रत्येकीला सुमारे २० मेगाहर्ट्‌झ जागा लागते, म्हणून शेजारच्या वाहिन्या एकमेकींवर चढतात; १, ६ आणि ११ या मात्र एकमेकींना त्रास देत नाहीत. अमेरिकेतून आणलेला लॅपटॉप पुष्कळदा १२ व १३ या वाहिन्यांकडे पाहतच नाही. राउटर आपोआप १३ वर गेला, की मोबाइलला वाय-फाय दिसते आणि लॅपटॉपच्या यादीत त्याचे नावच नसते. राउटरच्या सेटिंगमध्ये वाहिनी ६ किंवा ११ वर पक्की करावी. लॅपटॉप उघडण्याचे कारण नाही.

तपासणीची सुरुवात लॅपटॉपपासून करू नये. आधी फायबरच्या डबीवरील दिवे पाहावेत. ‘लॉस’चा दिवा लाल असेल, तर प्रकाश घरापर्यंत पोचतच नाही. वायर कुठे दुमडली आहे का, खारीने कुरतडली का, रस्त्याच्या कामात तुटली का, हे केबलवाल्यानेच पाहायचे. दिवे ठीक असतील, तर त्याच वाय-फायवर मोबाइल चालवून पाहावा, मात्र मोबाइल डेटा बंद करून. हे न केल्यास फोन गुपचूप टॉवरवरून नेट घेतो आणि निर्दोष लॅपटॉपची झडती सुरू होते.

मोबाइल चालतो आणि लॅपटॉप नाही, असे ठरल्यावर पुढचे. विमान मोड आणि काही जुन्या लॅपटॉपांच्या कडेला असलेली सरकती कळ आधी पाहावी. मग विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये (आज्ञा टंकण्याच्या खिडकीत) ‘आयपीकॉन्फिग’ द्यावे. तेथे दिसणारा आयपी पत्ता (जाळ्यातला लॅपटॉपचा क्रमांक) १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही. ‘आयपीकॉन्फिग रिलीज’ आणि नंतर ‘रिन्यू’ द्यावे. पत्ता योग्य असल्यास आधी राउटरला (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१) पिंग करावे (उत्तर येते का ते पाहणारी आज्ञा), नंतर इंटरनेटवरील गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्याला, शेवटी एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. पहिले दोन्ही पिंग लागतात आणि नाव मात्र सापडत नाही, तेव्हा दोष डीएनएसचा (नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा), तेथे ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भरावे. जोडणी आहे पण कोणतेही पान ‘सुरक्षित नाही’ म्हणते, अशा वेळी घड्याळ पाहावे. जुन्या लॅपटॉपातील घड्याळाची बॅटरी (पुष्कळदा सीआर २०३२) संपली, की तारीख काही वर्षे मागे जाते आणि प्रमाणपत्रे नाकारली जातात.

पासवर्ड बरोबर असूनही जुना लॅपटॉप जोडला जात नसेल, तर राउटर निव्वळ डब्ल्यूपीए-३ या नव्या सुरक्षा पद्धतीवर आहे का ते पाहून डब्ल्यूपीए-२ सह मिश्र पर्याय निवडावा. दर काही मिनिटांनी जोडणी सुटत असल्यास डिव्हाइस मॅनेजरमध्ये वाय-फाय कार्डाच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’मधील वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची खूण काढावी. विंडोजचा ‘नेटवर्क रीसेट’ साठवलेले सगळे पासवर्ड पुसतो, म्हणून तो शेवटी. राउटरच्या मागचे टाचणीचे भोक तर दाबूच नये. दहा सेकंद दाबल्यास कंपनीने भरलेले लॉगिनही जाते आणि माणूस येईपर्यंत घर बिननेटचे राहते. साधे बंद-चालू पुरते: वीज काढून ३० सेकंद थांबावे, आधी फायबरची डबी लावावी, दिवा स्थिर झाल्यावर राउटर. मॅक आणि लिनक्स यांतही क्रम हाच.

रेंजची मोजणी काड्यांवर करू नये. ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस’ ही आज्ञा टक्के दाखवते. टक्क्यांची निमपट करून १०० वजा केले, की लहरींच्या ताकदीचा डेसिबल-मिलिवॅट या एककातला अंदाज मिळतो. म्हणजे ७० टक्के बरोबर उणे ६५, व्हिडिओला पुरेसे. ४० टक्के बरोबर उणे ८०, जेथे जोडणी तुटू लागते. राउटरशेजारी बसूनही आकडा कमी आणि लॅपटॉपचा पडदा नुकताच बदललेला असेल, तर संशय अँटेनावर घ्यावा. अँटेना पडद्याभोवती असतो. त्याच्या दोन बारीक तारा, बहुधा एक काळी आणि एक पांढरी, बिजागरीतून खाली येऊन २२ बाय ३० मिलिमीटरच्या कार्डावर टिचकबटणासारख्या बसतात. दुरुस्तीत त्यांतील एक सुटते किंवा बिजागरीत चेंगरते.

मराठवाड्यात घराची बांधणी ही निम्मी तपासणी ठरते. माळवदाच्या जुन्या घरांत दगडमातीच्या भिंती दोन फुटांहून जाड असतात, तेथे ५ गिगाहर्ट्‌झ पुढच्या खोलीतही धड पोचत नाही. अशा घरांत राउटर हमखास देवळीत ठेवलेला आढळतो, तीन बाजूंनी दगड आणि वर दगडच. तो बाहेर काढून दाराच्या रेषेत चार-पाच फुटांवर टांगला, तरी फरक दिसतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिवच्या पुनर्वसित गावांत जी घरे झाली, त्यांच्या भिंती पातळ आहेत. तेथे हा प्रश्न सौम्य. पत्र्याच्या खोलीत मात्र लहरी पत्र्यावरून परततात. बाहेरून येणारा मार्ग दार-खिडकीचाच, आणि उन्हाळ्यात त्याच खिडकीत पाण्याने भरलेला लोखंडी कूलर बसतो. होळीनंतर अचानक कमी झालेल्या रेंजचे कारण कूलर असू शकतो.

उन्हाचा दुसरा परिणाम थेट उपकरणावर होतो. घरगुती राउटर साधारण ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेसाठी बनवतात. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे सावलीतले तापमान त्याच्या पुढे जाते, मग पत्र्याखालच्या फळीची गोष्टच वेगळी. दुपारी दोन-तीनला तुटणारे आणि रात्री सुरळीत चालणारे नेट म्हणजे बहुधा हीच बाब. अॅडॅप्टरही तपासावा. बारा व्होल्टचा जुना अॅडॅप्टर मोकळा मोजला तर बारा दाखवतो, राउटर लावल्यावर दहाच्या खाली घसरतो आणि राउटर आपोआप पुन्हा सुरू होत राहतो. मोजमाप भारावर घ्यावे.

लाईट जाताना इन्व्हर्टरवर बदलण्याच्या क्षणी राउटर बंद पडत असेल, तर इन्व्हर्टरची मागची कळ ‘यूपीएस’ बाजूला करावी किंवा बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावावा. तरी नेट न आल्यास दोष घरात नाही. काही केबलवाल्यांचे स्विच चौकातल्या खांबावर विजेवर चालतात, तीही तेव्हा गेलेली असते. केंद्रापासून घरापर्यंत निव्वळ फायबर असेल, तर मधल्या विभाजकाला (एका फायबरचा प्रकाश अनेक घरांना वाटणाऱ्या भागाला) वीज लागत नाही.

वळवाच्या पावसात वीज कडाडू लागली, की प्लगबरोबर तांब्याची लॅन वायरही काढावी. अशा वेळी राउटरचे एखादेच पोर्ट जळते आणि बाकी दिवे लागलेले राहतात. फायबर स्वतः विद्युतवाहक नाही, पण बाहेरच्या वायरीला आधार देणारी पोलादी तार आहे. ती घरात आणू नये.