लोनसम लेडी

लोनसम लेडी : दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकेचे चार एंजिनांचे, बी-२४ लिबरेटर जातीचे बाँबफेकी विमान. २८ जुलै १९४५ रोजी ते जपानमध्ये कोसळले. त्यातून जिवंत उतरलेल्यांपैकी सहा जण कैदी म्हणून हिरोशिमात असताना, ६ ऑगस्टला त्यांच्याच देशाने त्या शहरावर अणुबाँब टाकला.

४९४ व्या बाँबफेक गटाचे हे विमान ओकिनावातील योंतान तळावरून कुरे बंदराकडे निघाले. लक्ष्य होते जपानी नौदलाची हारुना ही युद्धनौका. चालक टॉमस कार्टराइट यांच्यासह विमानात नऊ जण होते. विमानविरोधी तोफांचा मारा बसल्यावर सर्वांनी उड्या घेतल्या आणि विमान यामागुची प्रांतातील इकाची या खेड्यात पडले. नॅव्हिगेटर रॉय पेडरसन यांचा मृत्यू झाला. त्यांची हवाई छत्री उघडली नसावी. बाकीचे आठ जण पकडले गेले. शेपटाकडचे तोफची विल्यम एबल वेगळीकडे सापडल्याने हिरोशिमाच्या कोठडीत गेलेच नाहीत. कार्टराइट यांना अधिक चौकशीसाठी टोक्योकडे हलवले गेले, म्हणून ते वाचले. लूपर, रायन, ॲटकिन्सन, एलिसन, लाँग आणि नील हे सहा जण मात्र मागे राहिले.

हे कैदी चूगोकू लष्करी पोलिसांच्या, म्हणजे केंपेताईच्या, मुख्यालयात होते असे सामान्यतः मानतात. स्फोटकेंद्रापासून हे ठिकाण सुमारे ४०० मीटरवर होते. काहींना हिरोशिमाच्या किल्ल्याच्या आवारात ठेवले असल्याचेही दाखले आहेत. ॲटकिन्सन यांच्याविषयी साक्षी जुळत नाहीत. आइओइ पुलाजवळ बांधलेल्या अवस्थेत मेलेला अमेरिकी पाहिल्याचे काही जण सांगत. ते ॲटकिन्सनच असावेत, हे मत संभाव्य वाटते, सिद्ध नव्हे. राल्फ नील आणि तेथेच कैदेत असलेले अमेरिकी नौदलाचे नॉर्मन ब्रिसेट या दोघांनी आगीपासून बचाव करण्यासाठी मैल्याच्या टाकीत आसरा घेतला. भाजून न मेलेले हे दोघे तरुण किरणोत्साराच्या आजाराने पुढचे जवळजवळ दोन आठवडे झिजत राहिले. १९ ऑगस्टला, म्हणजे जपानने शरणागती जाहीर केल्यावर चार दिवसांनी, त्यांचा अंत झाला. समुद्रात उतरून पकडल्या गेलेल्या एका बी-२९ विमानाच्या चमूने त्यांचे हाल जवळून पाहिले. त्या चमूच्या आठवणी हा या मृत्यूंचा सर्वांत भक्कम पुरावा होय.

हिरोशिमात एकूण किती अमेरिकी कैदी मेले, हा प्रश्न दीर्घकाळ वादाचा होता. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानी कागदपत्रांतून वीस नावांची एक यादी पुढे आली आणि ‘वीस’ हा आकडा रूढ झाला. ही यादी जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. मे-जून १९४५ मध्ये क्यूशू इंपीरियल विद्यापीठात आठ अमेरिकी वैमानिकांवर जिवंतपणी शस्त्रक्रिया करून त्यांना मारण्यात आले होते. युद्ध संपल्यावर तो गुन्हा झाकण्यासाठी, ते हिरोशिमाला रवाना झाले आणि बाँबस्फोटात मेले, असे दाखवले गेले. त्यांची नावे वगळून केलेली बारा ही गणना आता बहुतेक अभ्यासक मान्य करतात : लोनसम लेडीचे सहा, त्याच दिवशी पडलेल्या ‘टालोआ’ या दुसऱ्या लिबरेटरचे तिघे आणि नौदलाचे तीन वैमानिक. टालोआचे चालक डुबिन्स्की यांचा समावेश मात्र निर्विवाद नाही. हिरोशिमात आपले कैदी आहेत याची अमेरिकी बाजूस कल्पना होती का, हा प्रश्न वेगळा. अणुबाँबसाठी ठरलेल्या लक्ष्यांपैकी केवळ हिरोशिमात युद्धकैद्यांची छावणी नाही, असा संदेश ३१ जुलैला ग्वामहून गेला होता. छावणी नव्हती हे खरे, कोठडी होती.

आज या बारा जणांची नावे माहीत आहेत, याचे श्रेय शिगेआकी मोरी यांना द्यावे लागते. जन्म १९३७चा, बाँब पडला तेव्हा ते आठ वर्षांचे होते आणि स्वतः त्यातून वाचलेले. नोकरी सांभाळून त्यांनी अनेक दशके हे काम केले. आडनाव तेवढे ठाऊक असे; मग परदेशी फोन जोडून देणाऱ्या ऑपरेटरला एकेका राज्यातील त्या आडनावाचे क्रमांक लावायला सांगत ते मृतांचे नातलग शोधत. इंग्रजी त्यांना धड येत नव्हते. आपल्या माणसाचे काय झाले हे काही कुटुंबांना त्यांच्याकडूनच नीट कळले. केंपेताई मुख्यालयाच्या जागी १९९८ मध्ये त्यांनी स्मृतिफलक बसवला. २७ मे २०१६ रोजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी हिरोशिमातील भाषणात डझनभर अमेरिकी कैद्यांचा उल्लेख केला व मोरींना मिठी मारली.

इकाचीत ग्रामस्थांनी विमानाचे स्मारक उभारले आहे. कार्टराइट १९९९ मध्ये तेथे जाऊन आले. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले.