टॉमकॅटवर चालतं, मग ॲप्लिकेशन सर्व्हरवर का पडतं?

टीममध्ये नवीन आलेलं कुणी ना कुणी हा प्रश्न विचारतंच: "टॉमकॅट पण सर्व्हर, वाइल्डफ्लाय पण सर्व्हर. मग मी टॉमकॅटवर टेस्ट केलं तर बिघडलं कुठे?" प्रश्न रास्त आहे. दोन्ही वेब ॲप चालवणारी सॉफ्टवेअरं, दोन्ही जावावर चालतात, दोन्ही ८०८० पोर्टवर उभे राहतात, दोघांनाही वॉर फाइल (वेब ॲपचं गाठोडं) दिली की ब्राउझरमध्ये तेच लॉगिनचं पान उघडतं. फरक कळतो तो थेट डिप्लॉयच्या, म्हणजे ॲप खऱ्या सर्व्हरवर चढवण्याच्या रात्री, आणि ती काही शिकायची वेळ नव्हे. म्हणून तो आधीच समजून घेतलेला बरा.

टॉमकॅट हा सर्व्हलेट कंटेनर. सर्व्हलेट म्हणजे रिक्वेस्टला उत्तर देणारा जावा क्लास. ब्राउझरची रिक्वेस्ट घ्यायची, योग्य त्या सर्व्हलेटकडे किंवा जेएसपीकडे (जावा कोड असलेल्या पानाकडे) सोपवायची, सेशन सांभाळायचं, उत्तर परत पाठवायचं, एवढं त्याचं मुख्य काम. सन मायक्रोसिस्टिम्सने हा कोड १९९९ मध्ये अपाची फाउंडेशनला दिला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात जे२ईई १.२ आलं: मोठ्या ॲपसाठीच्या जावाच्या मानकांचा संच, ज्याला पुढे जावा ईई म्हणू लागले. त्यात सर्व्हलेट हा मोठ्या घरातली एक खोली होता. शेजारी व्यवसायाच्या नियमांसाठी ईजेबी होतं, ट्रान्झॅक्शनसाठी (सगळी पावलं एकत्र पक्की, नाहीतर एकत्र रद्द) जेटीए होतं. पुढे मेसेजच्या रांगा, लागणारे ऑब्जेक्ट आपोआप जोडणारं सीडीआय, डेटाबेसशी बोलणारं जेपीए असं घर वाढत गेलं. हे अख्खं घर पुरवतो तो ॲप्लिकेशन सर्व्हर: वेबलॉजिक, वेबस्फिअर, ग्लासफिश, आणि जेबॉस, ज्याच्या कम्युनिटी आवृत्तीला २०१४ पासून वाइल्डफ्लाय म्हणतात. म्हणजे प्रत्येक ॲप्लिकेशन सर्व्हरच्या पोटात एक सर्व्हलेट कंटेनर असतोच. उलट मात्र नाही.

मी हे समजावताना डबा आणि मेस असं सांगतो. टॉमकॅटवर जाताना स्वतःचा डबा न्यावा लागतो: डेटाबेससाठी हायबरनेट, पानांसाठी जेएसएफ, ट्रान्झॅक्शन मॅनेजर, जे काही लागेल त्या सगळ्या जार फाइली (तयार कोडच्या लायब्ररी) वॉरच्या लिब फोल्डरमध्ये. ॲप्लिकेशन सर्व्हर ही मेस. ताट वाढलेलंच असतं. तिथेही डबा घेऊन गेलात तर एकाच पानात दोन आमट्या येतात, आणि खरा त्रास तिथून सुरू होतो.

तो त्रास कसा दिसतो ते एकदा जवळून बघा. लॉगमध्ये क्लासकास्ट एक्सेप्शन येतं आणि त्यात लिहिलेलं असतं की अमुक क्लासचं रूपांतर अमुक क्लासमध्ये करता येत नाही. दोन्ही नावं अक्षरन् अक्षर सारखी. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी अर्धा तास एखादं अक्षर वेगळं आहे का ते शोधत बसलो होतो. नाव सारखंच होतं, पण एक क्लास वॉरमधल्या जारमधून लोड झाला होता आणि दुसरा सर्व्हरच्या स्वतःच्या जारमधून. जावाच्या लेखी क्लासची ओळख म्हणजे नाव अधिक क्लासलोडर, म्हणजे तो क्लास मेमरीत आणणारा भाग. लोडर वेगळे, म्हणून क्लासही वेगळे. टॉमकॅटवर हे दिसलं नाही, कारण तिथे मेसच नव्हती. शिवाय टॉमकॅट क्लास शोधताना आधी वॉरच्या आत बघतो, तर वेबलॉजिक सुरुवातीला वरच्या लोडरला, म्हणजे सर्व्हरला विचारतो. तिथे क्रम बदलण्याची सेटिंग आहे. वाइल्डफ्लायमध्ये नको ते मॉड्यूल वगळण्यासाठी वेगळी डिप्लॉयमेंट फाइल लिहिता येते. पण सर्वात स्वच्छ उपाय मेव्हन या बिल्ड टूलमध्येच आहे: सर्व्हर जे देतो त्याचा स्कोप 'प्रोव्हायडेड' ठेवायचा, म्हणजे ते वॉरमध्ये जातच नाही.

चूक मोठ्याने ओरडली तर परवडतं. गप्प राहणारी चूक जास्त महागात पडते. नुसत्या टॉमकॅटमध्ये सीडीआय नसतं. तुम्ही एखाद्या फील्डवर 'इंजेक्ट' (इथे लागणारं ऑब्जेक्ट जोडून दे) लिहिलंत तर ॲप बिनतक्रार वर येतं, फील्ड रिकामं राहतं, आणि पहिल्या क्लिकला नल पॉइंटरची एरर. हे निदान दिसतं तरी. पण स्प्रिंग हे फ्रेमवर्क नसताना मेथडवर जावा ईईचं 'ट्रान्झॅक्शनल' लिहिलं असेल, तर टॉमकॅट त्याकडे बघतही नाही. जेडीबीसी कनेक्शनचा (जावा आणि डेटाबेस यांच्या जोडणीचा) ऑटोकमिट सुरुवातीला चालूच असतो, त्यामुळे प्रत्येक क्वेरी स्वतंत्रपणे पक्की होते. एका खात्यातून रक्कम वजा झाली, दुसऱ्या खात्यात जमा करताना एरर आली, तर वजा झालेली तशीच राहते. तोच कोड ॲप्लिकेशन सर्व्हरवर दोन्ही पावलं मागे घेतो. टेस्टमध्ये सगळं सुरळीत पार पडलं की हा फरक कुणालाच दिसत नाही. मुद्दाम मधेच अपयश आणणारी टेस्ट लिहावी लागते.

उलट बाजूनेही फटका बसतो. आमच्या एका प्रकल्पात महिनाअखेरीला सगळ्या खात्यांना व्याज लावण्याचं काम होतं. आमच्याकडे टॉमकॅटवर, स्थानिक ट्रान्झॅक्शनमध्ये, ते आरामात चालायचं. ग्राहकाच्या ॲप्लिकेशन सर्व्हरवर पहिल्याच महिनाअखेरीला सगळं रोलबॅक झालं, म्हणजे केलेलं सगळं मागे गेलं. तिथे ट्रान्झॅक्शन मॅनेजरची वेळमर्यादा होती. आम्ही ती पाहिलीच नव्हती, कारण आमच्याकडे तशी गोष्टच अस्तित्वात नव्हती. वाइल्डफ्लायमध्ये ही मर्यादा मूळ सेटिंगनुसार ३०० सेकंद असते, वेबलॉजिकमध्ये फक्त ३०. वेळ संपली म्हणून चालू थ्रेड थांबतोच असं नाही. तो इमानदारीने काम करत राहतो आणि पुढच्या डेटाबेस कॉलला किंवा थेट कमिटला त्याला कळतं की खेळ आधीच संपलाय. लॉगमधली एररची जागा आणि खरं कारण यांचा मेळ बसत नाही तो यामुळे. आम्ही शेवटी खात्यांचे गट पाडले आणि प्रत्येक गटाला वेगळं ट्रान्झॅक्शन दिलं.

मराठी मजकूर हाताळणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. टॉमकॅट ७ पर्यंत यूआरएलमधला मजकूर मूळ सेटिंगला लॅटिन-१ (रोमन लिपीपुरती अक्षरपद्धत) समजून वाचला जायचा. टॉमकॅट ८ पासून यूटीएफ-८, ज्यात देवनागरीही मावते. देवनागरीची प्रत्येक खूण यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटांची. त्यामुळे शोधपट्टीत 'कुलकर्णी' टाकलं की जुन्या टॉमकॅटवर डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए आणि चलनाची गोल खूण यांची माळ दिसायची, आणि निकाल शून्य. इंग्रजी नावं मात्र बरोबर सापडायची, म्हणून टेस्टरने 'पास' लिहिलेलं असायचं. इथे तर टॉमकॅट विरुद्ध टॉमकॅटच आहे. नाव एक असलं म्हणून भागत नाही, आवृत्तीही तीच हवी. टेस्ट डेटात 'श्रीकृष्ण' आणि 'ज्ञानेश्वर' असलेच पाहिजेत, याबाबत मी हट्टी आहे.

डिप्लॉय करतानाची रीतही वेगळी. टॉमकॅटमध्ये वेबॲप्स फोल्डरमध्ये वॉर टाकली की ती उलगडते आणि फाइलचं नाव हाच पत्ता होतो. वाइल्डफ्लायमध्ये डिप्लॉयमेंट्स फोल्डरमध्ये टाकल्यावर शेजारी त्याच नावाची, पण 'डिप्लॉइड' किंवा 'फेल्ड' अशी शेपटी असलेली छोटी फाइल तयार होते. 'फेल्ड'वाली उघडून बघा, कारण बहुतेक वेळा आतच लिहिलेलं असतं. अनेक वॉर आणि ईजेबी एकत्र बांधलेली ईएआर फाइल टॉमकॅट घेतच नाही. डेटासोर्सची (डेटाबेस जोडणीची) जेएनडीआय नावं, म्हणजे सर्व्हरकडे ती ज्या नावाने मागायची ती नावंही प्रत्येकाची वेगळी. ती कोडमध्ये थेट लिहू नयेत, डिस्क्रिप्टर या सेटिंगच्या फाइलमधून जोडावीत, म्हणजे सर्व्हर बदलला तरी कोडला हात लागत नाही.

आणि हल्लीचा सर्वात मोठा खड्डा नावांचा. ओरॅकलने जावा ईई एक्लिप्स फाउंडेशनकडे दिलं आणि २०२० च्या डिसेंबरात आलेल्या जकार्ता ईई ९ मध्ये (जावा ईईचंच नवं नाव) पॅकेजचं नाव 'जावाएक्स'चं 'जकार्ता' झालं. टॉमकॅट ९ जुनं नाव ओळखतो, १० नवं. वाइल्डफ्लाय २६ मूळ रूपात जुन्यावर, २७ पासून नव्यावर. जुनं ॲप टॉमकॅट १० च्या वेबॲप्समध्ये तसंच टाकलं तर कधी क्लास सापडत नाही म्हणून पडतं, तर कधी सर्व्हर वर येऊनही सर्व्हलेट ओळखलेच जात नाहीत आणि हातात ४०४ येतो.

मग निवडायचं काय? नवं काम असेल आणि स्प्रिंग बूट वापरणार असाल, तर त्याच्या पोटात बसवलेला टॉमकॅट बहुतेकांना पुरतो; गरजेपेक्षा मोठी मेस चालवण्यात अर्थ नाही. डेटाबेस आणि मेसेजची रांग दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बांधायची असेल, किंवा ग्राहकाकडे सर्व्हर आधीच ठरलेला असेल, तर ॲप्लिकेशन सर्व्हर. टॉमकॅटची सवय मोडवत नसेल तर टॉमईई आहे: टॉमकॅटच, पण ईईचे भाग जोडलेला.

टेस्टिंगचं म्हणाल तर, मॉकिटोने (बाकीच्या भागांच्या जागी खोटे भाग उभे करणाऱ्या लायब्ररीने) लिहिलेल्या युनिट टेस्ट कोडचा हिशोब तपासतात, सर्व्हरबद्दल त्या काहीही सांगत नाहीत. त्यासाठी अर्क्विलियन वापरा, जे टेस्ट खऱ्या सर्व्हरच्या आत नेऊन चालवतं. किंवा टेस्टकंटेनर्सने प्रॉडक्शनच्याच आवृत्तीचा सर्व्हर डॉकरमध्ये उभा करा. हे हळू चालतं, म्हणून प्रत्येक सेव्हला नको, रात्रीच्या बिल्डला पुरे. आणि प्रॉडक्शनची कॉन्फिगरेशन फाइल ऑपरेशन्सच्या लोकांकडून मागून घ्या, फक्त पासवर्ड काढून. आमचं व्याजाचं काम पाडणारी ३० सेकंदांची ओळ त्याच फाइलमध्ये होती.