बेस सेट (पोकेमॉन पत्ते)

‘पोकेमॉन’ नावाच्या काल्पनिक प्राण्यांवर बेतलेल्या जपानी पत्त्यांच्या खेळाचा पहिला संच. जपानमध्ये मीडिया फॅक्टरीने तो २० ऑक्टोबर १९९६ रोजी काढला. इंग्रजी आवृत्ती अमेरिकेतील विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने जानेवारी १९९९ मध्ये आणली. इंग्रजी संचात १०२ पत्ते असून त्यांतले पहिले १६ चकाकत्या पन्नीचे, म्हणजे ‘होलो’ आहेत. मित्सुहिरो आरिता यांनी चितारलेला चॅरिझार्ड हा आग ओकणारा पोकेमॉन (क्र. ४) त्यांतलाच. खेळ ६० पत्त्यांच्या गड्डीने खेळतात.

दुर्मिळतेची खूण पत्त्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात असते : वर्तुळ असेल तर पत्ता सर्रास मिळणारा, चौकट (♦) असेल तर त्याहून कमी मिळणारा आणि चांदणी असेल तर दुर्मिळ. ११ पत्त्यांच्या पाकिटात चांदणीचा पत्ता एकच निघे, आणि तोही दर वेळी होलो नसे. जपानी संचाच्या पहिल्या छपाईत या खुणाच नव्हत्या. त्यामुळे खूण नसलेला जपानी पत्ता सर्वांत जुना ठरतो.

खरा वाद इंग्रजी छपाईच्या क्रमाचा. चित्राच्या डाव्या बाजूस खाली पहिल्या आवृत्तीचा काळा शिक्का असलेले पत्ते सर्वांत आधीचे, याबद्दल दुमत नाही. त्यानंतर शिक्का नसलेले, पण चित्रचौकटीच्या उजव्या कडेला सावलीही नसलेले ‘शॅडोलेस’ पत्ते आले. यांची अक्षरे बारीक व रंग फिके असून तळच्या हक्कओळीत, म्हणजे कॉपीराइटच्या ओळीत, ९९ हे साल जास्तीचे आहे. पुढच्या ‘अनलिमिटेड’ छपाईत सावली आली. तळाशी १९९९–२००० छापलेल्या, ब्रिटनमध्ये विकल्या गेलेल्या पत्त्यांना काही जण चौथी छपाई म्हणतात. काहींच्या मते शिक्क्याचे आणि शॅडोलेस पत्ते ही एकाच छपाईची दोन रूपे होत. दोन्हींची मांडणी एकच असल्याने हे मत अधिक पटण्यासारखे आहे. मात्र संग्राहकांच्या बोलण्यात चारचा हिशेब रुळला आहे. मचॅम्प या पोकेमॉनचा पत्ता (क्र. ८) या क्रमात बसत नाही. तो पाकिटांत नव्हता; नव्या खेळाडूंसाठीच्या दोघांच्या खोक्यात (स्टार्टर सेट) मिळे आणि सावली आल्यावरही त्याच्यावर पहिल्या आवृत्तीचा शिक्का तसाच राहिला. म्हणून शिक्का पाहून मचॅम्प महागात घेणारा हमखास फसतो.

कोल्हापुरात पोकेमॉन पोहोचला तो पत्त्यांतून नव्हे, टीव्हीवरून. कार्टून नेटवर्कने पोकेमॉनची कार्टून मालिका भारतात २००३ मध्ये सुरू केली; पुढे चिप्सच्या पुडीतले टॅझो, म्हणजे चित्रांच्या छोट्या चकत्या, आले. गोट्या, काडेपेटीचे छाप आणि डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते यांवर वाढलेल्या पेठांतल्या पोरांना साठवण्याचा आणि अदलाबदलीचा नाद नवा नव्हता. पट्टा बांधलेला चार हातांचा मचॅम्प तालमींच्या या गावात परका वाटण्याचे कारणही नव्हते. खेळण्यांच्या दुकानात मिळणारे पत्ते बहुधा नकली असत. ते बाळबोध असले तरी एका पिढीने चॅरिझार्ड पहिल्यांदा हातात धरला तो त्यांतूनच, आणि म्हणून त्यांचीही नोंद व्हायला हवी. अस्सल पत्ता कडेने निरखून पाहिला तर दोन पांढऱ्या थरांमध्ये गडद रेघ दिसते. नकली पत्त्यात ती सहसा नसते आणि दिव्यासमोर धरल्यावर उजेड आरपार येतो.

२०१६ मधील ‘एव्होल्यूशन्स’ या विस्तारसंचाने जुन्या चित्रांची व मांडणीची मुद्दाम नक्कल केली. नवे हौशी संग्राहक त्यातला पत्ता बेस सेटचा समजतात. हक्कओळीतले साल वाचले की उलगडा होतो.

जतनाच्या बाबतीत कोल्हापूरचा पावसाळा होलो पत्त्यांना फार बाधतो. दमट हवेत कागद ओल शोषून पसरतो, पन्नी पसरत नाही. मग पत्ता चित्राच्या बाजूला पन्हळीसारखा वळतो. कोरड्या हवेत, बंद डब्यात तो हळूहळू पूर्ववत होतो. घाईने उलटा वाकवून सरळ करू गेल्यास पन्नीवर आडवी सुरकुती पडते आणि ती कायमची राहते.