पुडी सोडायची की बुडवायची? सीमाभागातल्या डिप चहाची पार्श्वभूमी

बेळगावच्या रविवार पेठेत काउंटरवर हात टेकून ‘चहापुडी द्या’ म्हटलं, की हातात काय पडेल ते दुकानदारानं तुमची भाषा कुठली धरली त्यावर असतं. कन्नडात पुडी म्हणजे पूड. चहापुडी म्हणजे चहा पावडर, मग ती पन्नास ग्रॅम असो नाहीतर पाच किलो. मराठीत पुडी म्हणजे कागदात बांधलेलं मूठभर काहीतरी: तंबाखूची, अंगाऱ्याची, फुटाण्याची. आत काय आहे याच्याशी त्या शब्दाला देणंघेणं नाही, बांधलेलं आहे एवढंच. पिढ्यानपिढ्या हा घोळ कुणाला जाणवला नाही, कारण पूड पुडीतूनच घरी यायची. दोरा लावलेली कागदी पिशवी आली तेव्हा तो उघडा पडला. खोक्यावर ‘टी बॅग’ छापलेलं होतं, तरुणांच्या तोंडी ‘डिप’ बसलं आणि म्हाताऱ्यांनी तिलाही पुडीच म्हटलं. मराठीच्या हिशेबानं त्यांचं काही चुकलं नव्हतं.

पण पुडी ही सोडायची, उलगडायची वस्तू. माझ्या मते डिप चहाचं इथलं नशीब या एका शब्दानं ठरवलं.

आमच्या भागात ही पिशवी पहिल्यांदा घराघरांत आली ती बहुतेक कॅम्पातून. बेळगावची छावणी १८३२ पासूनची, मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथलंच, त्यामुळे खानापूर, चंदगड, गडहिंग्लज या पट्ट्यात प्रत्येक गल्लीत एखादा पेन्शनर फौजी असतोच. माझे एक मामा त्यांतलेच. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्यांनी कँटीनमधून शंभर पिशव्यांचं खोकं आणलं. मामींनी ते दोन दिवस देवघराशेजारी ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी पावणे आले तेव्हा कात्री घेऊन बसल्या. दहा पिशव्यांची टोकं कापली, पूड वाटीत झटकली, दोरे आणि चौकोनी कागद एका बाजूला नीट रचले आणि वाटी पातेल्यात उपडी केली. निम्मं म्हशीचं दूध, निम्मं पाणी, आलं ठेचून, सात-आठ मिनिटं उकळी. रंग विटेसारखा आला. पहिल्या घोटाला पावण्यांचे डोळे बारीक झाले. मामांनी समजवायला तोंड उघडलं, तर मामींचा सवाल तयार होता: ‘उकळला न्हाई तो कसला चा?’

उलटी गंमत अशी, की पिशवीचा जन्मच म्हणे याच्या नेमक्या विरुद्ध चुकीतून झाला. न्यूयॉर्कच्या एका व्यापाऱ्यानं १९०८ च्या सुमारास रेशमी पुड्यांत चहाचे नमुने पाठवले. त्या सोडायच्या होत्या, गिऱ्हाइकांनी तशाच गरम पाण्यात टाकल्या. गोष्ट सांगायला छान आहे; पण त्याआधीच, १९०३ मध्ये, मिलवॉकीच्या दोन बायकांना कापडी चहाधारकाचं पेटंट मिळालेलं होतं. पुढे कागद आला, उष्णतेनं चिकटवायची युक्ती आली, १९४९ मध्ये जर्मनीत दोन कप्प्यांची पिशवी आली. तिकडे सोडायची ती बुडवली, इकडे बुडवायची ती सोडली.

उकळण्याचा आग्रह मात्र सनातन नाही. १९३० च्या दशकात चहाचा खप वाढवायला देशभर मोहीम निघाली, रेल्वे स्टेशनांवर एनॅमलच्या पाट्या लागल्या. त्यांवरची कृती अशी: पाणी खळखळून उकळा, पत्तीवर ओता, पाच मिनिटं झाकून ठेवा, मग दूध-साखर. म्हणजे डिपच, फक्त पिशवी नाही. लोकांनी चहा उचलला आणि कृती स्टेशनातच सोडली. (१९२४ साली बेळगावात काँग्रेसचं जे अधिवेशन भरलं त्याचे अध्यक्ष गांधीजी स्वतः चहाच्या विरोधात होते. त्यांचंही इथल्या हॉटेलवाल्यांनी फारसं मनावर घेतलेलं दिसत नाही.) १९३० च्याच दशकात आसामात पान दातेरी रुळांमधून चिरडून, फाडून त्याची गोळी करण्याचं यंत्र आलं. ही सीटीसी. एका किलोत कप जास्त, रंग पटकन, दुधात टिकणारी चव. गोळी स्वस्त झाली आणि पातेलं जिंकलं.

दुसरा अडकलेला शब्द म्हणजे ‘डस्ट’. ‘पिशवीत कारखान्यातली झाडलोट भरतात’ हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीपासून बारच्या बाकापर्यंत सगळीकडे ऐकलं आहे, शिकलेल्या माणसांकडून जास्त. डस्ट म्हणजे धूळ, धूळ म्हणजे केर, अशी ती साखळी. खरं तर हे चाळणीचं नाव आहे. वाळलेला माल एकाखाली एक जाळ्यांवरून जातो. मोठ्या गोळीला बीओपी, बीपी. त्याखाली पीएफसारखे बारीक प्रकार. सगळ्यात बारीक ते डस्ट, आणि त्यातही पीडी, आरडी, एसआरडी असे दर्जे, ज्यांचे भाव वेगवेगळे लागतात. टाकाऊ मालाचं खातंच निराळं. त्याच्यावर नजर ठेवायला १९५९ पासून स्वतंत्र नियंत्रण आदेश आहे. आणि डस्ट काही लपूनछपून विकली जात नाही. कोचीला १९४७ पासून लिलाव चालतो, तिथल्या मालात बहुतांश डस्टच असते, कारण दक्षिणेला तीच लागते. कन्नडातल्या ‘पुडी’ला ही बदनामी चिकटली नाही. पूड म्हटली की मिरपूड आठवते, केर आठवत नाही. आम्ही मराठीवाले इंग्रजी शब्दाचं मनातल्या मनात भाषांतर करतो आणि फसतो. बसस्टँडवरचा ज्याचा कडक कटिंग पिऊन आपण वाहवा करतो, तो गाडीवाला बहुधा डस्टच वापरत असतो. पाटीवर कुठली भाषा मोठी यावरून इथं मोर्चे निघतात, काचा फुटतात. या शब्दावरून कधी कुणी हाक दिली नाही, दिली असती तर मी गेलो असतो.

पिशवीवरच्या शंकेला एक रास्त कारण आहे, तेही सांगायला हवं. सुटा चहा तळहातावर चोळता येतो, हुंगता येतो. पेठेतले जुने गिऱ्हाईक चिमूटभर पूड गार पाण्यात टाकतात. रंग लगेच धावला तर भेसळ. लोहचुंबक फिरवून लोखंडाचा कीस बघतात. चिकटवलेल्या पिशवीत यांतलं काही करता येत नाही. बघायला न मिळणाऱ्या मालावर विश्वास ठेवायचा नाही, हा व्यवहार पेठेनंच शिकवलेला.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचनेची रेघ पडली तिचा चहावर परिणाम उशिरा आणि तिरपा झाला. मोठ्या कंपन्या प्रांताप्रांतानुसार मिश्रण बदलतात. कर्नाटकाकडे बारीक, रंगाचा माल, महाराष्ट्राकडे गोळीदार. त्यामुळे कोगनोळी नाक्याच्या अलीकडे निपाणीत आणि पलीकडे कागलात एकाच नावाचा पुडा घेतला तरी कपात फरक पडू शकतो. कोल्हापूरला लेकीकडे जाणारी बाई परतताना पिशवीत चहाचा पुडा घालून आणते ते नुसतं मायेपोटी नव्हे. २०१७ च्या जुलैपर्यंत दोन्हीकडे विक्रीवरचा कर ज्याचा त्याचा होता, तेव्हा हिशेबही होता. मग चहाला दोन्हीकडे सरसकट पाच टक्के लागले. मिश्रणाची रेघ राहिली.

डिपला खरा हात दिला तो नव्वदनंतरच्या प्रवासानं. मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आलं, गाड्या वाढल्या. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसमध्ये पहाटे ‘चाय’ म्हणून जे मिळतं ते बरेचदा दूध-साखर घातलेलं गरम पाणी आणि सोबत एक पिशवी. पाणी कोमट, दूध आधीच आत; त्यात पिशवी दहा मिनिटं धरली तरी नाव घेण्याजोगं काही उतरत नाही. सीमाभागातल्या किती जणांचा डिपशी पहिला परिचय असा झाला असेल! इस्पितळात, सरकारी ऑफिसांत, लॉजवर हीच तऱ्हा. २००० साली एका भारतीय कंपनीनं इंग्लंडातली पिशव्यांची नामांकित कंपनी २७ कोटी १० लाख पौंडांना घेतली, पेपरात मोठे मथळे आले; आमच्याकडे तेव्हाही पिशवी म्हणजे आजारी माणसाचा चहा होता.

२०१८ च्या सुमारास पिशवीला दोरा स्टेपलच्या पिनेनं टाचायला बंदी आली. पिन सुटून पोटात जाण्याची भीती. आता गाठ मारतात किंवा चिकटवतात. पाठोपाठ २०१९ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी दाखवलं, की नायलॉनच्या आणि पॉलिएस्टरच्या पिशवीतून कढत पाण्यात प्लास्टिकचे अब्जावधी सूक्ष्म कण सुटतात. ते कागदाच्या पिशवीबद्दल नव्हतं, चकचकीत जाळीदार पिशवीबद्दल होतं. साधा पिशवीचा कागद अबाकाच्या, म्हणजे केळीच्या भावकीतल्या झाडाच्या, तंतूंचा असतो. पण उष्णतेनं चिकटणाऱ्या कागदात प्लास्टिकचा थोडा तंतू असतोच. फॉरवर्ड झालेल्या मेसेजात हा फरक कुठं येतो?

चव बघायची तर बुडवूनच बघायला हवी. चव परीक्षकांसाठी १९८० साली आंतरराष्ट्रीय मानक ठरलं: १०० मिलिलिटर उकळत्या पाण्याला दोन ग्रॅम चहा, सहा मिनिटं. पिशवीत साधारण तेवढाच, दोन ग्रॅमच्या आसपास चहा असतो. घरच्या एका कपाला आपण चमचाभर टाकतो तोही त्याच घरातला. म्हणजे चहा कमी पडत नाही, वेळ आणि उष्णता कमी पडते. पूड बारीक, पाण्याला भिडणारा पृष्ठभाग जास्त, म्हणून सहा मिनिटांची गरज नाही. खळखळतं पाणी असेल तर तीन-चार पुरतात. मी काचेचा ग्लास घेतो, दीडशे मिलिलिटर पाणी थेट किटलीतून, वर बशी. पहिल्या मिनिटात नुसता रंग येतो आणि माणूस फसतो. अंगातली चव मागून येते. बशी उचलल्यावर आधी वास घ्यायचा, मग घोट आवाज करत, हवेसकट ओढायचा. परीक्षक तसंच करतात, आमचे आजोबा बशीतून तसंच प्यायचे. पिशवी चमच्यावर गुंडाळून पिळली की आत अडकलेला तुरट अर्क उतरतो, तो ज्याला हवा त्यानं पिळावी. दूध शेवटी आणि बेतानं. म्हशीचं दाट दूध अर्धा कप ओतलं तर दोन ग्रॅम चहा काय करणार? पाण्याचाही हात असतो. बेळगावला येणाऱ्या राकसकोप धरणाच्या पाण्यात स्वच्छ तांबूस उतरणारी तीच पिशवी बैलहोंगलकडच्या बोअरच्या जड पाण्यात मळकट होते, वर तेलकट साय धरते, आणि लोक ठपका पिशवीवर ठेवतात.

मामी आता ऐंशीच्या पुढं आहेत. डॉक्टरांनी दूध कमी करायला सांगितल्यापासून संध्याकाळी पिशवीच घेतात. कापत नाहीत. पण पातेल्यात, दोऱ्यासकट, उकळतात.

गेल्या आठवड्यात त्यांच्यासाठीच पेठेत गेलो. काउंटरला नवा पोरगा होता, खानापूरकडचा. ‘चहापुडी दे’ म्हटल्यावर त्यानं वर न बघताच विचारलं, ‘सुटी की दोऱ्याची?’