वृत्तपत्रातील शब्दांची कविता

वृत्तपत्रातील शब्दांची कविता : वृत्तपत्राच्या छापील मजकुरातून शब्द, वाक्यखंड किंवा मथळे उचलून, त्यांत पदरचा शब्द न घालता, त्यांची नवी मांडणी करून कविता सिद्ध करण्याची रीत. कात्रणे चिकटवणे, बातमीच्या ओळी कवितेसारख्या तोडणे, नको असलेला मजकूर काळा करून उरलेले शब्द वाचणे, हे तिचे मुख्य प्रकार होत. या सर्वांत कवीचे काम लिहिण्याचे नसून निवडण्याचे असते. ही निवड किती कवीची आणि किती योगायोगाची, यावरच या प्रकारातील बहुतेक मतभेद उभे आहेत.

या रीतीचा उगम विनोदात सापडतो. लंडनच्या ‘पब्लिक ॲडव्हर्टायझर’ या पत्रात १७६६ मध्ये केलेब व्हाइटफर्ड याने टोपणनावाने एक गंमत छापली. पत्राचे अरुंद स्तंभ वरून खाली न वाचता शेजारच्या स्तंभात सरळ आडवे वाचत गेल्यास दोन असंबद्ध बातम्यांचे एकच वाक्य होते, हे त्याने दाखवले. कविता म्हणून बातमी उचलण्याचे ठळक उदाहरण मात्र १९१४ मधील आहे. फ्रेंच भाषेतील कवी ब्लेझ सांद्रार याने पॅरिसच्या ‘पारी-मिदी’ या पत्रातील अमेरिकेतल्या ओक्लाहोमाच्या तुरुंगातून पळणाऱ्या तीन कैद्यांची बातमी ओळी तोडून कविता म्हणून मांडली आणि ती कोठून घेतली हेही सांगून टाकले. कैदी रिव्हॉल्व्हरे मिळवतात, पहारेकऱ्यांना ठार करतात, तुरुंगातील टंकलेखिकेला पळवून नेतात. शेवटी तुरुंग पाहायला आलेले अमेरिकी संसदेचे (काँग्रेसचे) एक माजी सदस्य त्या मुलीचे अभिनंदन करतात. हा शेवट कोणा कवीला सुचला असता, तर त्याच्यावर अतिशयोक्तीचा आरोप झाला असता.

या रीतीची सर्वांत प्रसिद्ध कृती त्रिस्तान त्झारा याची आहे. रुमानियात जन्मलेला हा कवी १९१६ मध्ये झुरिकच्या ‘काबारे व्होल्तेर’ या कलावंतांच्या रंगशाळेत ‘दादा’ या रूढ कलेविरुद्ध बंड करणाऱ्या चळवळीच्या आरंभकांत होता. पॅरिसमध्ये डिसेंबर १९२० मध्ये वाचलेल्या जाहीरनाम्यात त्याने पाककृतीच्या थाटात सूचना दिल्या : वृत्तपत्र घ्यावे, कात्री घ्यावी, जेवढी लांब कविता हवी तेवढा लेख निवडून कापावा, त्यातील शब्द सुटे करून पिशवीत टाकावेत, पिशवी हलक्या हाताने हलवावी, आणि कपटे ज्या क्रमाने बाहेर येतील त्या क्रमाने इमानाने उतरवून काढावेत, ती कविता तुमच्यासारखीच असेल. पुढच्या सांगोवांगीत या पिशवीच्या जागी टोपी आली. या सूचनांकडे रचनातंत्र म्हणून पाहण्यापेक्षा प्रतिभा आणि स्फूर्ती यांच्या बडेजावाची थट्टा म्हणून पाहणे अधिक योग्य ठरते. त्या थट्टेमागे पहिल्या महायुद्धाचा अनुभव होता. त्झाराचा सहकारी ह्यूगो बाल याने १९१६ मध्येच, पत्रकारितेने भाषा नासवली आहे, असे म्हणत अर्थहीन ध्वनींच्या कविता रचल्या होत्या. बालने ती भाषा टाकली. त्झाराने तिचेच तुकडे केले. फ्रेंच कवी आंद्रे ब्रेतों याने १९२४ च्या अतिवास्तववादी (सर्रिअलिस्ट) जाहीरनाम्यात मथळ्यांचे तुकडे जोडून केलेली कविता नमुन्यादाखल छापली.

पॅरिसमध्येच १९५९ साली चित्रकार ब्रायन गायसिन पुठ्ठा कापत असताना खाली अंथरलेली वर्तमानपत्रेही कापली गेली, आणि त्या पट्ट्या शेजारी ठेवून वाचताना त्याला हसू आवरेना. त्याचा मित्र, कादंबरीकार विल्यम बरोज, याने हे तंत्र गांभीर्याने पुढे नेले. त्या दोघांचा, सिंक्लेअर बाइलेस व ग्रेगरी कॉर्सो यांच्यासह काढलेला संग्रह १९६० मध्ये निघाला. त्यातील बराच भाग आज कवितेपेक्षा प्रयोगाचा दस्तऐवज म्हणूनच वाचला जातो.

हा प्रकार केवळ खेळ नाही, याची साक्ष हेर्टा म्युलर यांच्या कात्रण-कविता देतात. रुमानियाच्या बनात भागातील जर्मनभाषक अल्पसंख्याकांत जन्मलेल्या आणि १९८७ मध्ये पश्चिम जर्मनीत स्थलांतर केलेल्या म्युलर यांना २००९ मध्ये साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. नियतकालिकांतून कापलेले शब्द त्या जपून ठेवतात आणि पोस्टकार्डाएवढ्या कागदावर चिकटवतात. जर्मनबरोबर रुमानियनमध्येही त्यांनी असा संग्रह केला आहे. त्झारा शब्द उतरवून काढायला सांगतो, त्यामुळे कात्रणाचे रूप नाहीसे होते. म्युलर यांच्या पानावर मात्र मथळ्याचे जाड अक्षर, जाहिरातीचा रंग आणि बातमीचा बारीक टंक शेजारीशेजारी राहतात. चिटकवलेला शब्द मागे घेता येत नाही आणि कागद संपला की कविता संपते. या दोन बंधनांमुळे, आणि जाणूनबुजून साधलेल्या यमकांमुळे, त्यांच्या कविता योगायोगाच्या वाटत नाहीत.

काळे करण्याच्या प्रकारात शब्द हलवता येत नाहीत, छापील क्रमच पाळावा लागतो. अमेरिकेतील ऑस्टिन क्लिऑन यांनी वृत्तपत्राच्या पानावर मार्करने केलेल्या अशा कवितांचा संग्रह २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सेन्सॉरची काळी शाई आणि ही शाई दिसायला सारखीच असते, म्हणून हा प्रकार राजकीय आशयाला सहज जवळचा ठरतो.

मराठी वृत्तपत्र घेऊन बसणाऱ्यास भाषेच्या घडणीमुळे वेगळी अडचण येते. ‘पावसाने’, ‘शहरातील’, ‘मंत्र्यांना’ असे शब्द विभक्तिप्रत्यय वा शब्दयोगी अव्यय घेऊनच कापले जातात, विशेषणे लिंगवचनाला बांधलेली असतात, आणि मथळ्यांतून क्रियापद बहुधा गाळलेले असते. ते बातमीच्या पोटातून शोधावे लागते. प्रत्यय कापून वेगळा करावा की नाही, हे आधी ठरवलेले बरे, कारण तशी मुभा घेतली की रचना सुलभ होते पण बंधन सैल पडते. पानागणिक शब्दांची जातही बदलते : राशिभविष्यात भविष्यकाळ मुबलक मिळतो, बाजारभावात धान्यांची नावे आणि आकडे, तर निधनवार्तेत नातेसंबंधांचे शब्द. केवळ पहिल्या पानावर विसंबणाऱ्याच्या हाती बहुतांशी नेत्यांची नावे आणि घोषणा येतात.