पाटीवरचं कॉलेज

आमच्या तालुक्याच्या कॉलेजात स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात प्रश्नमंजुषा व्हायची, आणि तिचा बझर फिजिक्सच्या लॅबमध्ये तयार व्हायचा. लाकडी फळीवर दाराच्या बेलचं बटण, दोन वायरी आणि झिरोचा बल्ब. चार संघांना चार रंग, म्हणजे बल्बवर गुंडाळलेले जिलेटिनचे कागद. मधेच लाइन गेली की बझर बाद. मग हात वर करायचा, आणि कोणाचा हात आधी गेला यावर प्रेक्षकांत दोन तट पडायचे. प्रत्येक बाकापुढे खडूने लिहिलेली पाटी असे: बी.ए. भाग दोन, बी.एस्सी. भाग एक, पाहुणं आलेलं शेजारच्या तालुक्याचं कॉलेज. त्या पाटीकडे तेव्हा कोणी लक्ष दिलं नाही. आज मागे पाहताना सगळ्या मांडणीत तीच महत्त्वाची वाटते.

समोरासमोर बाकं, मधे प्रश्न विचारणारा, हाताशी बटण, ही मांडणी अमेरिकेतून आली. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या करमणुकीसाठी डॉन रीड या मूळच्या कॅनडाच्या माणसाने एक खेळ बसवला होता. त्यातून १९५३ साली एनबीसीच्या रेडिओवर ‘कॉलेज बाउल’ सुरू झाला आणि जानेवारी १९५९ मध्ये तो टीव्हीवर आला. वेळ वाईट होती. ‘ट्वेंटी वन’सारख्या मोठ्या इनामाच्या कार्यक्रमांत स्पर्धकांना उत्तरं आधीच पढवलेली असत, हे तेव्हाच बाहेर येत होतं. ‘ट्वेंटी वन’मधून गाजलेले स्पर्धक, कोलंबिया विद्यापीठात शिकवणाऱ्या चार्ल्स व्हॅन डोरेन यांनी त्याच वर्षी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे तशी कबुली दिली, आणि १९६० मध्ये असला बनाव करणं कायद्याने गुन्हा ठरलं. या बदनामीतही कॉलेजांचा कार्यक्रम १९७० पर्यंत चालला. माझ्या मते त्याचं एक कारण साधं आहे: बक्षीस खेळणाऱ्याच्या खिशात जात नव्हतं. शिष्यवृत्तीचा पैसा कॉलेजला मिळायचा. पोरं पाटीसाठी खेळत होती.

इंग्लंडमध्ये तोच साचा १९६२ च्या सप्टेंबरात ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’ म्हणून उतरला. बॅम्बर गॅस्कॉइन यांनी तो १९८७ पर्यंत चालवला, १९९४ मध्ये बीबीसीने त्याला पुन्हा उभं केलं आणि २०२३ पासून तिथे कोलकात्यात जन्मलेले अमोल राजन प्रश्न विचारतात. पहिला प्रश्न दहा गुणांचा, एकट्याने बटण दाबून सोडवायचा. तो जमला की पाच-पाच गुणांचे तीन प्रश्न मिळतात, ते चौघांनी कुजबुजून सोडवायचे. एकाची चपळाई आणि चौघांची शिदोरी, असं ते गणित आहे.

याच कार्यक्रमातली १९७५ ची एक गोष्ट आमच्याकडच्या पोरांना मी आवर्जून सांगतो. मँचेस्टर विद्यापीठाच्या संघाने प्रत्येक प्रश्नाला ट्रॉट्स्की, लेनिन, मार्क्स, नाहीतर चे गव्हेरा अशी उत्तरं द्यायला सुरुवात केली. त्यांचा राग नियमावर होता. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचं एकेक कॉलेज स्वतंत्र संघ पाठवू शकत असे आणि बाकी अख्ख्या विद्यापीठाला मिळून एकच संघ. दाराशीच माप मारलं जातं, ही तक्रार गोऱ्यांच्या देशातही होती म्हणायची.

भारतात हे वेड इंग्रजी शाळांच्या आणि क्लबांच्या वाटेने आलं. नील ओब्रायन यांनी १९६७ साली कोलकात्यातल्या एका चर्चच्या सभागृहात खुली क्विझ घेतली, ती देशातली पहिली मानली जाते. १९७२ मध्ये ‘बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट’ रेडिओवर आली. आधी हमीद सयानी आणि मग त्यांचे भाऊ अमीन सयानी. आणि १९८५ मध्ये दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचा ‘क्विझ टाइम’ सुरू झाला, कॉलेजांच्या संघांचा, आणि इंग्रजीतला.

आता हे १९८५ विदर्भाच्या खेड्यात कसं पोचलं ते बघू. मुंबईत दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पण ते मुंबईपुरतं. १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून २४०० खेड्यांत टीव्ही दाखवण्याचा ‘साइट’ हा मोठा प्रयोग झाला, त्यातल्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आमच्या सीमेला लागलेल्या मध्य प्रदेशात आणि आंध्रात तो होता. १९८२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंग आले. १९८४ मध्ये काही महिने देशात जवळपास रोज एक ट्रान्समीटर उभा राहत होता, आणि त्या लाटेत जिल्ह्याजिल्ह्यात टॉवर लागले. मग गावात ग्रामपंचायतीच्या खोलीत एक संच, छपरावर अँटेना आणि तो फिरवायला वर चढलेलं पोरगं. खालून ओरडायचं, “मुंग्या येऊन रायल्या बे, अजून जरासा फिरव!” तर अशा मुंग्यांतून ‘क्विझ टाइम’ दिसायचा. प्रश्न समजायच्या आत दिल्लीच्या पोराने बटण दाबलेलं असायचं. तरी आम्ही बघत होतो, कारण समोरच्या पाटीवर कॉलेजाचं नाव असायचं, आणि कॉलेज आमच्याकडेही होतं.

ते होतं हीच मोठी गोष्ट होती. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ झालं, पण खेड्यातल्या कुणब्या-माळ्याच्या, तेल्याच्या, महाराच्या घरात पदवी यायला त्यानंतर कितीतरी वर्षं गेली. अमरावतीच्या बाजूला डॉ. पंजाबराव देशमुखांनी वसतिगृह आणि श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली, तिच्या शाळा-कॉलेजांनी तालुक्यापर्यंत वाट काढली. अकोल्याला १९६९ मध्ये कृषी विद्यापीठ आलं, १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ वेगळं झालं, २०११ मध्ये गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ. घरातला पहिला पदवीधर होऊ घातलेल्या पोरासाठी कॉलेजचं नाव छातीवरच्या बिल्ल्यासारखं असतं.

आणि प्रश्नोत्तरांची हौस? ती टीव्हीने शिकवली असं म्हणणं आमच्या मुलखावर अन्याय होईल. झाडीपट्टीत, भंडारा-गोंदियाकडे, खडी गंमत हे लोकनाट्य रंगते तेव्हा कलगीवाले आणि तुरेवाले हे दोन पक्ष रात्रभर एकमेकांना गाण्यातून सवाल टाकतात. पुराणातलं कोडं घालायचं आणि पुढच्याने डफाच्या तालावर ते उलगडायचं. ज्याला जवाब सुचत नाही त्याची लोक पहाटेपर्यंत चेष्टा करतात. गाडगेबाबांचं कीर्तन तर उभ्या उभ्या घेतलेली प्रश्नमंजुषाच. ते सांगत कमी आणि विचारत जास्त. समोरचा हजारो लोकांचा जमाव उत्तर द्यायचा, आणि त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघायचा. बाबांचा जन्म १८७६ चा, शेंडगावचा. ते गाव आता अंजनगाव सुर्जी तालुक्यात येतं. या तालुक्याकडे पुन्हा यायचं आहे.

तिसरा झरा मात्र निव्वळ गरजेचा. तलाठी, पोलीस शिपाई, ग्रामसेवक, पीएसआय यांच्या परीक्षा. नव्वदीनंतर शेतीचं गणित बिघडत गेलं तशी गावोगावच्या वाचनालयाची एक खोली अभ्यासिका होत गेली. तिथे ‘ठोकळा’ नावाचं जाडजूड पुस्तक असतं, ज्याचे कोपरे घामाने काळे पडलेले असतात. जोडीला ‘लोकराज्य’चे जुने अंक, ‘योजना’, सराव संच आणि भिंतीला महाराष्ट्राचा नकाशा. जिल्हे, धरणं, कलमं, समित्या, पहिला कोण, शेवटचा कोण. शहरातला क्विझवाला यावर नाक मुरडतो. त्याला प्रश्नात गंमत हवी, धागे जोडून उत्तर काढायचं सुख हवं. ठोकळ्यातलं ज्ञान त्याला पाठांतर वाटतं. त्याचं अगदीच चुकतं असं नाही. पण भूक लागलेल्या माणसाचं जेवण आणि हौसेचं जेवण, यात चवीवरून भांडणं बरं नाही.

या दोन शाळा समोरासमोर आल्या की काय होतं ते मी एकदा स्वतः भोगलंय. टीव्हीवर दाखवली जाणार असं सांगितलेली एक विभागीय फेरी शहरात होती. आम्ही दोघं पहाटेच्या एसटीने निघून तिथे पोचलो. प्रश्न फक्त इंग्रजीत वाचले जात होते. एका प्रश्नात वर्ध्याच्या आसपासच्या आश्रमाचा उल्लेख होता. पवनार, विनोबा, सगळं डोक्यात लख्ख होतं. पण वाक्य संपेपर्यंत मी मनात त्याचं मराठी करत बसलो आणि डावीकडच्या टेबलाचा दिवा लागला. परतीच्या गाडीत जोडीदार बडनेऱ्यापर्यंत बोलला नाही. मग म्हणाला, “येत होतं ना तुले? मंग दाबलं काहून नाही?” याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही.

३ जुलै २००० ला ‘कौन बनेगा करोडपती’ आलं आणि ही भाषांतराची अडचण एका फटक्यात संपली. प्रश्न हिंदीत, आणि १९५६ पर्यंत आधी मध्य प्रांत-वऱ्हाडात आणि मग मध्य प्रदेशात राहिलेल्या विदर्भाला हिंदी परकी कधीच नव्हती. चार पर्याय समोर, विचार करायला उसंत. पहिले करोडपती मुंबईचे हर्षवर्धन नवाथे, यूपीएससीची तयारी करणारे. त्यांच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर होतं महान्यायवादी: खासदार नसूनही संसदेच्या कामकाजात भाग घेऊ शकणारा. अभ्यासिकेतल्या पोरांनी टाळ्या पिटल्या, कारण राज्यघटनेचं ते कलम ८८ ठोकळ्यात होतं! एसटीडी बूथवर नंबर लावायला रांगा लागल्या. मीटर पळायचा, लाइन लागायची नाही, पण पहिल्यांदाच असं वाटलं की दार आपल्या उंचीचं आहे.

पुढे २०१३ मध्ये सचिन खेडेकरांनी ‘कोण होईल मराठी करोडपती’ हाती घेतलं, २०१९ मध्ये नागराज मंजुळे ‘कोण होणार करोडपती’मध्ये दिसले. त्याच २०१९ मध्ये हिंदी कार्यक्रमात अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे एक कोटी जिंकल्या. शाळेत पोरांची खिचडी शिजवायच्या, महिन्याला दीड हजार रुपये मिळायचे. पानमळ्यांच्या त्या गावात कॉलेज आहे, अभ्यासिकाही आहेत. पण हॉट सीटवर पोचली ती खिचडी रांधणारी बाई, हे मला आजही सगळ्यात आवडतं. २०२३ मध्ये पंजाबातल्या खालडा या सीमेलगतच्या गावातून अमृतसरला कॉलेजात जाणारा जसकरण सिंग एक कोटी जिंकला. तो व्हिडिओ आमच्याकडे कितीतरी मोबाइलवर फिरला. एसटीने रोज अप-डाउन करणाऱ्या पोरांना त्यात नवं काही सांगायची गरज नव्हती.

पण या सगळ्यात एक गोष्ट हळूच निघून गेली. दार उघडलं ते एकेकट्यासाठी. ‘क्विझ टाइम’चा साचा नंतर २००३ च्या सुमारास बीबीसी वर्ल्डवर ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’च्या भारतीय रूपात आला, पुन्हा सिद्धार्थ बसूंबरोबरच, पण तो इंग्रजीत होता आणि आमच्या केबलवाल्याच्या यादीत ते चॅनल नव्हतं. संघ, कुजबुज, कॉलेजची पाटी हे ज्या काळात टीव्हीवर होतं तेव्हा आम्हाला भाषा अडवत होती. भाषा आपली झाली तेव्हा पाटी गेलेली होती. नावाखाली गाव येतं, व्यवसाय येतो, आणि पैसा मिळाला तर काय करणार हे विचारलं जातं. त्यावर कर्ज, बहिणीचं लग्न, बापाचं ऑपरेशन अशी उत्तरं येतात. ती खरी असतात. पण कॉलेज जिंकत नाही.

गेल्या हिवाळ्यात एका कॉलेजने मला परीक्षक म्हणून बोलावलं. लॅबचा बझर कपाटात गेलाय. आता प्रोजेक्टर, निळी स्लाइड, चार पर्याय, मोबाइलवरून वाजवलेलं ते धडधडणारं संगीत आणि मधे एकच खुर्ची. सूत्रसंचालन करणारा पोरगा आवाज जड करून बोलत होता. धारणीकडच्या दोन मुली होत्या, वसतिगृहात एकाच खोलीत राहणाऱ्या. नाव पुकारलं तेव्हा दोघीही उठल्या. एकीने विचारलं, “सर, आमी दोघी संगच बसलो त चालते का? हिले भूगोल येते, मले विज्ञान.” सूत्रसंचालकाने माझ्याकडे पाहिलं, मग लॅपटॉपकडे. स्लाइडवर नावाचा चौकोन एकच होता. मी म्हटलं, बसू दे. मग कोणीतरी मागून दुसरी खुर्ची आणून ठेवली.