बरोक रचनांची जोडी: पियानो रिसायटलमागचा इतिहास

पियानो रिसायटलमध्ये, म्हणजे एकट्या पियानोवादकाच्या मैफलीत, बरोक रचनेची (साधारण १६०० ते १७५० या काळातल्या) जागा ठरून गेलेली असते. सुरुवातीला बाखचा एखादा प्रेल्यूड-फ्यूग (फ्यूग म्हणजे एकच सुरावट एकामागून एक आवाजांत फिरवणारी रचना) किंवा स्कार्लाटीच्या दोन सोनाटा, मग बेथोव्हेन, मग शोपँ. दहा मिनिटांत बरोक काळ आटोपतो. ही सवय बरोक काळातली नाही, १९व्या शतकातली आहे. खुद्द बरोक संगीतकारांनी कोणत्या रचनेशेजारी कोणती ठेवायची याचा फार बारकाईने विचार केला होता, आणि त्यांच्या छापील संग्रहांत व हस्तलिखितांत तो आजही वाचता येतो. पूरक रचना निवडायच्या असतील तर शोध तिथूनच सुरू करावा.

सगळ्यात जुना धागा एकाच स्केलचा, म्हणजे एका आधारस्वरावर उभ्या असलेल्या स्वरसंचाचा आहे. १७व्या शतकातल्या फ्रेंच ल्यूटवर (छेडून वाजवायचं तंतुवाद्य) खालच्या मंद्र तारा दाबून वाजवत नसत. त्या मोकळ्याच छेडायच्या आणि स्केलप्रमाणे आधी लावून घ्यायच्या. एकदा डी मायनरमध्ये तारा लावल्या की त्या स्केलमधल्या चार-सहा रचना वाजवून घेणं सोयीचं होतं. हार्पसिकॉर्डवर (पियानोच्या आधीचं, तारा छेडणारं कळवाद्य) अडचण वेगळी होती. मीनटोन पद्धतीच्या जुळवणीत मेजर थर्ड (सा-ग हे अंतर) अतिशय गोड लागतात, पण ठरावीक स्केलपुरतेच. दूरच्या स्केलमध्ये गेलं की काही स्वरांतरं सरळ बेसूर होतात. त्यामुळे एका स्केलमधल्या नृत्यरचनांचा गट, म्हणजे सुइट, हा रिवाजच पडला. जर्मन संगीतकार फ्रोबर्गर (१६१६–१६६७) याच्या सुइटमध्ये अलमांड, कुरांत, साराबांद आणि जीग ही चार नृत्यं पक्की झालेली दिसतात. त्यांचा क्रम मात्र पुढच्या पिढ्यांत स्थिरावला.

स्केल एकच असल्यामुळे वैविध्य लय, गती आणि पोत यांतून आणावं लागे. अलमांड चार मात्रांची, संथ वाहणारी. कुरांत तीन मात्रांची. साराबांदमध्ये बहुधा दुसऱ्या मात्रेवर वजन. जीग धावती, बरेचदा फ्यूगच्या वळणाची. सुइटमधून दोनच भाग उचलायचे असतील तर एवढं ध्यानात असावं: साराबांद आणि जीग एकमेकांना तोलतात, तर अलमांड आणि साराबांद लागोपाठ ठेवले की ऐकणाऱ्याला दोन्ही सारखेच संथ वाटतात. सुइटचे भाग सुटे करू नयेत असा आग्रह काही वादक धरतात. सरसकट तो पटण्यासारखा नाही. इटालियन संगीतकार फ्रेस्कोबाल्दीने १६१५च्या टोकाटांच्या (मुक्त वळणाच्या कीबोर्ड रचनांच्या) प्रस्तावनेतच वादकाला मुभा दिली आहे की भाग वेगवेगळे वाजवावेत आणि हवं तिथे थांबावं, पूर्ण रचना वाजवण्याची सक्ती नाही.

फ्रांस्वा कुपराँ (१६६८–१७३३) याने १७१३ ते १७३० या काळात चार ग्रंथांत मिळून हार्पसिकॉर्ड-रचनांचे २७ गट छापले. जवळपास प्रत्येक गटाचा आधारस्वर एक, मेजर किंवा मायनर. दुसऱ्या गटात वीसहून अधिक रचना आहेत, त्यामुळे सगळा गट सलग वाजवण्यापेक्षा त्यातून निवड करणंच स्वाभाविक आहे. एकाच गटातून तीन ते पाच रचना घ्याव्यात आणि छापील क्रम शक्यतो मोडू नये. सहाव्या गटातली बी फ्लॅट मेजरमधली ‘ले बारिकाद मिस्तेरिएझ’ लोकप्रिय आहे, पण पियानोवर ती अनेकदा फसते. दोन्ही हात मधल्या सी-च्या आसपास आणि खाली गुंतलेले असतात आणि ल्यूटप्रमाणे स्वर एकावर एक रेंगाळत राहतात. हार्पसिकॉर्डच्या बारीक तारांवर ते स्वच्छ ऐकू येतं. आधुनिक पियानोच्या त्या पट्ट्यातल्या जाड तारांवर पूर्ण पेडल दिलं की नुसता गोंगाट होतो. स्वर बोटांनीच धरून ठेवावेत आणि पेडल दिलंच तर पाव-अर्धं, सुसंवाद बदलताच सोडून. हिच्याआधी किंवा नंतर वरच्या पट्टीतली, मोकळी रचना हवी. त्याच गटातली शेवटची ‘ल मुशरों’ त्या जागी छान बसते.

कुपराँच्या काही रचना दोन कीबोर्डच्या वाद्यासाठी आहेत, आणि त्यांत दोन्ही हात एकाच जागी येऊन आदळतात. १७२२च्या तिसऱ्या ग्रंथात त्याने तोडगाही सांगून ठेवला आहे: एकच कीबोर्ड असेल तर खालचा भाग एक सप्तक खाली वाजवावा, ते जमत नसेल तर वरचा भाग एक सप्तक वर न्यावा. अठराव्या गटातली ‘ल तिक-तोक-शोक’ पियानोवर वाजवताना ही सूचना निःसंकोच पाळावी.

पूरक जोडीचा सर्वांत नेमका धडा मात्र बाखने दिला. १७३५ मध्ये त्याने ‘क्लाव्हिअर-युबुंग’ (कीबोर्डचा सराव) या मालिकेचा दुसरा भाग छापला. त्यात दोनच रचना आहेत: एफ मेजरमधला इटालियन कॉन्चेर्टो आणि बी मायनरमधला फ्रेंच ओव्हर्चर. एका बाजूला इटालियन ऑर्केस्ट्राचा झपाटा, दुसऱ्या बाजूला फ्रेंच दरबारी डौल आणि नृत्यांची लांब माळ. एफ आणि बी हे स्वर एकमेकांपासून जास्तीत जास्त दूर, बरोबर तीन पूर्ण स्वरांच्या अंतरावर. ओव्हर्चर आधी सी मायनरमध्ये लिहिलेला होता. छापताना बाखने तो बी मायनरमध्ये आणला. म्हणजे विरोध शैलीत होताच, तो स्केलमध्येही उतरवला.

याच मालिकेच्या पहिल्या भागातल्या सहा पार्टिटांतही, म्हणजे सुइटांतही (एकत्रित छपाई १७३१) स्केलचा माग असाच आखलेला आहे. बी फ्लॅटवरून एक सेकंड (म्हणजे लगतचा स्वर; थर्ड म्हणजे तिसरा, असं पुढे) वर सी मायनर, तिथून थर्ड खाली ए मायनर, फोर्थ वर डी मेजर, फिफ्थ खाली जी मेजर, सिक्स्थ वर ई मायनर. अंतर दर पावलाला वाढत जातं. ई-वरून सेव्हन्थ खाली उतरलं की एफ येतो, म्हणजे दुसऱ्या भागातल्या कॉन्चेर्टोचं स्केल. शिवाय सहाही पार्टिटांच्या पहिल्या भागाला वेगळं नाव आणि वेगळा साचा आहे: प्रेलुडियम, सिन्फोनिया, फँटेसिया, ओव्हर्चर, प्रेआम्बुलम, टोकाटा. दोन पार्टिटा एकत्र घ्यायच्या असतील तर आरंभाचा हा फरक आणि स्केलचं अंतर पाहून जोडी ठरवावी. पहिली आणि सहावी उत्तम जमतात. एक हलकी, मोकळी, दुसरी लांब आणि गंभीर, फ्यूगने भरलेली.

डोमेनिको स्कार्लाटीच्या बाबतीत इतिहास थोडा गुंतागुंतीचा आहे, आणि कार्यक्रम आखताना सर्वांत जास्त चुका इथेच होतात. त्याच्या ५५५ सोनाटांपैकी ३० तेवढ्या १७३८ मध्ये ‘एसेर्चित्सी’ या नावाने त्याच्या देखरेखीखाली छापल्या गेल्या. बाकीच्या बहुतेक सोनाटा स्पेनची राणी मारिया बार्बारा हिच्यासाठी नकलून घेतलेल्या हस्तलिखित खंडांमुळे उरल्या. हे १५ खंड आज व्हेनिसला आहेत आणि तितक्याच खंडांचा दुसरा संच पार्माला आहे. हार्पसिकॉर्डवादक आणि अभ्यासक राल्फ कर्कपॅट्रिकने १९५३ मध्ये दाखवून दिलं की या खंडांत बहुसंख्य सोनाटा जोडीने येतात. आधारस्वर एकच, पण गती, ताल किंवा मेजर-मायनर वेगळं. काही ठिकाणी तिघांचे गटही आहेत.

के. २०८ आणि के. २०९ (‘के’ म्हणजे कर्कपॅट्रिकचा क्रमांक) ही जोडी पाहा. दोन्ही ए मेजरमध्ये. पहिली अदाजिओ ए कांताबिले: डाव्या हाताची संथ पावलं आणि त्यावर उजव्या हातात हळूहळू उलगडत जाणारं गाणं. दुसरी अलेग्रो, तीन मात्रांची, नाचरी. पहिलीत जी लय अडखळत, उशिराने येते ती दुसरीत सरळ पाऊल टाकते. एकेकटी वाजवली तर के. २०८ अधांतरी राहते आणि के. २०९ किरकोळ वाटते. एकत्र वाजवल्या की साधारण आठ-नऊ मिनिटांचं पूर्ण काम उभं राहतं. तिघांचा गट हवा असेल तर डी मेजरमधल्या के. ४९०, ४९१, ४९२ आहेत. पहिली धीम्या चालीची, स्पॅनिश मिरवणुकीची आठवण करून देणारी, पुढच्या दोन चढत्या वेगाच्या.

या जोड्या इतकी वर्षं लोकांच्या लक्षात का आल्या नाहीत, याचं कारण संपादनांत आहे. पियानोवादक हान्स फोन ब्यूलोने १८६४ मध्ये १८ सोनाटा निवडून त्यांचे सुइटसारखे गट केले. आलेसांद्रो लोंगोने १९०६ पासून जवळपास सगळ्या सोनाटा प्रसिद्ध केल्या, हे मोठंच काम होतं, पण त्यानेही त्या पाच-पाचच्या सुइटमध्ये बसवल्या आणि मूळ शेजार मोडला. म्हणून हातातल्या प्रतीवर फक्त ‘एल’ (लोंगोचा) क्रमांक असेल तर आधी त्याचा ‘के’ क्रमांक शोधावा. साधारण के. १५० च्या पुढची सोनाटा असेल तर आधीची आणि नंतरची दोन्ही उघडून पाहावीत. जिचा आधारस्वर जुळतो ती बहुधा जोडीदार. ‘एसेर्चित्सी’मधल्या सोनाटा मात्र जोडीने लिहिलेल्या नाहीत. तिथे स्वतः निवड करायला पूर्ण मोकळीक आहे.

आता सुरुवातीला सांगितलेली १९व्या शतकातली सवय. पियानोवादक इग्नाझ मोशेलेसने १८३७ मध्ये लंडनला जुन्या संगीताचे कार्यक्रम केले आणि त्यांत काही रचना हार्पसिकॉर्डवर वाजवल्या. ९ जून १८४० रोजी लिस्टने लंडनच्याच हॅनोव्हर स्क्वेअर रूम्समध्ये आपल्या कार्यक्रमाला रिसायटल हे नाव दिलं आणि पुढे ते रूढ झालं. १८८५–८६ मध्ये आंतोन रुबिनस्टाइनने युरोपातल्या शहरांत सात ऐतिहासिक रिसायटलची मालिका केली. पहिल्याच कार्यक्रमात बर्ड, बुल, कुपराँ, रामो, स्कार्लाटी, बाख, हँडेल यांच्यापासून मोझार्टपर्यंत सगळे. काळाच्या क्रमाने जायचं आणि बरोकने सुरुवात करायची, हा साचा त्या पिढीने इतका भक्कम केला की आजही तो आपोआप वापरला जातो. त्याच शतकात पियानोवादक टाउसिगने स्कार्लाटीची डी मायनर सोनाटा (के. ९) ई मायनरमध्ये नेऊन तिच्यानंतर के. २० ठेवली आणि त्यांना ‘पास्तोराल’ व ‘काप्रिचिओ’ अशी नावं दिली. या दोन सोनाटा मूळच्या जोडीतल्या नाहीत, तरी जोडीची गरज त्यालाही जाणवली होती.

बरोक रचना मधे किंवा शेवटी ठेवायला काहीच हरकत नाही, मात्र काही गोष्टी आधी तपासाव्या लागतात.

पहिली गोष्ट वेळेची. पुनरावृत्त्यांसह आणि त्यांच्याशिवाय, दोन्ही मोजावेत. बाखच्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्स (एका रचनेची रूपांतरं, १७४१) सगळ्या पुनरावृत्त्यांसह ७५ ते ८० मिनिटं घेतात आणि त्याशिवाय ४० च्या आसपास. पुनरावृत्ती करायची तर दुसऱ्या वेळी अलंकार बदलावेत, नाहीतर ती केवळ वेळ खाते. जोडीतल्या एका सोनाटेत पुनरावृत्ती आणि दुसरीत नाही, असं केलं की तोल बिघडतो.

दुसरी गोष्ट वाद्याची. गोल्डबर्गमधले ८, ११, १३, १४, १७, २०, २३, २५, २६, २७ आणि २८ हे व्हेरिएशन दोन कीबोर्डसाठी आहेत. पियानोवर कोणता हात वर, कोणता खाली, हे स्वरलिपीच्या प्रत्येक चौकटीत (बारमध्ये) लिहून ठेवावं लागतं. स्कार्लाटीच्या के. १४१ मध्ये एकच स्वर सहा-सहा वेळा झपाट्याने येतो. ग्रँड पियानोत पियानो बनवणाऱ्या एरारच्या १८२१च्या शोधातून आलेली यंत्रणा असते, तिच्यामुळे कळ पूर्ण वर न येताही पुन्हा वाजते. अपराईटमध्ये ती सहसा नसते आणि स्वर गळतात. कार्यक्रमाच्या जागी कोणता पियानो आहे हे कळेपर्यंत के. १४१ यादीत पक्की करू नये.

तिसरी स्केलची. दोन वेगळ्या संगीतकारांच्या रचना एकाच मायनर स्केलमध्ये लागोपाठ आल्या तर दुसरी उठून दिसत नाही. त्याच आधारस्वराचं मेजर, किंवा थर्डवरचं स्केल, हा मार्ग सुरक्षित आणि कानाला ताजा. उदाहरणार्थ पूर्वार्धासाठी रामोची ए मायनरमधली गाव्होत आणि तिची सहा रूपांतरं (सुमारे ८–९ मिनिटं), मग ए मेजरमधल्या के. २०८–२०९, आणि शेवटी एफ मेजरमधला इटालियन कॉन्चेर्टो (१२–१३ मिनिटं). फ्रेंच लेखणी, इटलीत घडून इबेरियात फुललेला संगीतकार, आणि इटालियन शैली आपलीशी केलेला जर्मन. टाळ्या धरून साधारण ३२ ते ३५ मिनिटं. गाव्होतची शेवटची रूपांतरं हात थकवतात, त्यामुळे के. २०८ त्यानंतर येणं वादकालाही सोयीचं.

नंतरच्या काळाशी सांधा जोडायचा असेल तर पुरावा असलेली नाती घ्यावीत. ब्राह्म्सने १८६१ मध्ये हँडेलच्या ज्या बी फ्लॅट मेजर एअरवर (गाण्यासारख्या सुरावटीवर) व्हेरिएशन्स लिहिल्या, ती हँडेलच्या १७३३च्या संग्रहातल्या सुइटमध्ये स्वतःच्या पाच रूपांतरांसह आहे. ती सुइट आधी ठेवता येते. तिच्या शेवटी जी मायनरमधला मिन्युएट येतो. तो वाजवला तर ब्राह्म्सचा बी फ्लॅट पुन्हा नवा वाटतो, वगळला तर तीच एअर रूपांतरं संपताच ब्राह्म्सच्या हातून परत येते. दुसऱ्या पर्यायात अर्ध्या तासाहून जास्त वेळ एकाच स्केलमध्ये जातो, तेव्हा त्याच्या आधीची रचना बी फ्लॅटपासून लांबची निवडावी.